एकाच ब्रेक पॅडवर घाटही आणि ट्रॅकही?

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय ३१. माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. इंजिन, ब्रेक सगळं कंपनीचंच, काही बदललेलं नाही. फेब्रुवारीत कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आयुष्यातला पहिला ट्रॅक डे केला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवली. पाचव्या लॅपला ब्रेकचं पेडल एकदम खोल गेलं, दोन-तीनदा दाबल्यावर कसाबसा ब्रेक लागला. घाबरून बाहेर आलो. पण नाद लागलाय, आता वर्षातून तीन-चारदा जायचं ठरवलंय. गाडी चालवतच नेतो नि चालवतच आणतो. मित्र म्हणतो, रेसिंगचे पॅड टाक, नाहीतर सिरॅमिक घे, भोकं पाडलेल्या डिस्क बसव, विषय संपला. याच गाडीतून रोज मुलीला शाळेत सोडतो आणि महिन्यातून एकदा करूळ घाट उतरून वैभववाडीला सासुरवाडीला जातो. दोन्हीकडे चालेल असा एकच पॅड सांगा.

उत्तर : पेडल खोल गेल्यावर तुम्ही लगेच बाहेर आलात, हे फार चांगलं केलंत. अशा वेळी "एक लॅप अजून" म्हणणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाड्या टायरच्या भिंतीतून ओढून काढायलाही हात लावला आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या दिवशी तुमचे पॅड हरले नव्हते, ब्रेक ऑइल उकळलं होतं. पॅड तापून हरतात तेव्हा पेडल उंच आणि कडकच राहतं. तुम्ही पूर्ण ताकदीने दाबता, पाय थरथरतो, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर परत वर येतं, तेव्हा कॅलिपरमधल्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ऑइलची वाफ झालेली असते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा पाय नुसती वाफ चेपत राहतो. अशा गाडीत जगातले सगळ्यात महाग पॅड टाकले असते तरी पाचव्या लॅपला तेच झालं असतं.

त्यामुळे पहिला खर्च ब्रेक ऑइलवर. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी पाइपांतूनही शोषतं, आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडचा पाऊस पाहता दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल त्या खालच्या आकड्याच्या जवळच असणार. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८० आहेत. रेसिंगसाठी बनवलेली काही ऑइलं कोरडी असताना ३०० अंशांच्याही पुढे टिकतात, पण ती जास्त वेळा बदलावी लागतात. तुम्ही चांगल्या कंपनीचं डॉट ५.१ किंवा असं रेसिंगचं ऑइल घ्या, चारही चाकांवरून जुनं पूर्ण काढून नवं भरून घ्या आणि हवेचा एक बुडबुडाही राहिला नाही हे स्वतः उभं राहून पाहा. डबा सील असलेलाच हवा. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडा पडलेला डबा नवा नसतो. आणखी एक, डॉट ५ आणि डॉट ५.१ यांची नावं सारखी वाटली तरी डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते तुमच्या गाडीत चुकूनही जाऊ देऊ नका.

आता ट्रॅकवर एवढी उष्णता येते कुठून, तो हिशेब एकदा मांडूया, म्हणजे पॅडचं उत्तर आपोआप समोर येईल. तुमची गाडी ११०० किलोच्या आसपास, तुम्ही आणि पेट्रोल धरून १२०० म्हणू. गावात ६० च्या वेगावरून सिग्नलला थांबलात तर ब्रेकला साधारण १६७ किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. करीवर समजा सरळ पट्ट्याच्या शेवटी १४० वरून ७० वर आलात. गाडी थांबलेलीसुद्धा नाही, तरी ही उष्णता ६८० किलोज्यूलच्या घरात जाते, म्हणजे चौपट. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागे तर ड्रमच आहेत, म्हणून यातला पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर येतो. एक डिस्क पाच किलोची धरली तर एवढ्या एका दाबात तिचं तापमान शंभरएक अंशांनी चढतं. गावात पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवते. करीचा एक लॅप जेमतेम २.१ किलोमीटरचा. डिस्क निवायच्या आत तुम्ही पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेकवर असता, आणि हे वीस मिनिटं चालतं.

रोजच्या पॅडमधला मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, राळेने बांधलेला असतो. साधारण ३०० अंशांच्या पुढे ही राळ जळू लागते, तिचा वायू पॅड आणि डिस्कच्या मधे येतो आणि पकड सुटते. ट्रॅकच्या पॅडचा मसाला वेगळा. तो ५००-६०० अंशांतही पकडतो, पण त्यातल्या बऱ्याच पॅडना चांगलं पकडायलाच आधी ताप लागतो. थंड असताना ते हलकेच घासत राहतात, डिस्क जास्त खातात, करकरतात, आणि त्यांची काळी भुकटी अलॉय व्हीलच्या रंगात रुतून बसते.

थंड पॅडचं मी स्वतः भोगलंय, म्हणून सविस्तर सांगतो. एका मोसमात दर वेळी बदलायचा कंटाळा करून मी ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीत तसेच ठेवले. डिसेंबरची सकाळ होती, सहा-सव्वासहा. आमच्या सोसायटीतून मोठ्या रस्त्याला लागायला एक उतार आहे. रात्रभर दव पडून डिस्कवर गंजाचा तांबूस थर आलेला. उताराच्या तोंडाशी दूधवाल्याची सायकल आडवी आली. मी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि गाडी जशीच्या तशी पुढे जात राहिली. पेडल कडक, पाय पूर्ण खाली रेटलेला, खालून फक्त खर्र असा आवाज. जीव खाऊन दाबल्यावर गाडी थांबली तेव्हा बंपर आणि दुधाच्या किटलीत वीतभर अंतर होतं. दूधवाला माझ्याकडे बघत उभा राहिला. मी खाली उतरून त्याची माफी मागितली, गाडी मागे घेतली आणि त्याच दिवशी पॅड बदलले. रोजच्या गाडीत ट्रॅकचे पॅड ठेवावेत का, हा प्रश्न माझ्यापुरता त्या उतारावर निकालात निघाला. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर मुलगी असते. शाळेच्या फाटकाशी पहिला ब्रेक थंडच लागणार आहे.

म्हणून माझं उत्तर असं : दोन्हीकडे उत्तम चालणारा एक पॅड शोधू नका. पॅडचे दोन जोड ठेवा. रस्त्यासाठी कंपनीचे किंवा त्याच तोडीचे, आणि ट्रॅकसाठी वेगळे. ट्रॅकवर पोचल्यावर बदला, निघताना परत बदला. ऐकायला कटकट वाटते, पण तुमच्या गाडीत पुढच्या दोन चाकांचं हे काम सरावाने पाऊण तासात होतं. जॅक, दोन भक्कम स्टँड, पाने, आणि पिस्टन मागे दाबायला एक सी-क्लॅम्प, एवढीच सामग्री लागते. पिस्टन दाबण्याआधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी पाहून घ्या, नाहीतर ऑइल सांडून बॉनेटखालचा रंग जाईल. पहिल्यांदा ओळखीच्या मिस्त्रीसमोर करा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तो दाखवेल तसं तारेने वर टांगून ठेवा. काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायला विसरू नका. पॅड बदलून पहिल्याच ब्रेकला पाय खाली गेल्याने पार्किंगमध्येच गाडी ठोकलेले लोक आहेत.

आता तुम्ही म्हणाल, खरंच मधला काही पॅड नसतो का? असतो. ईबीसीचा यलोस्टफ, फेरोडोचा डीएस २५००, हॉकचा एचपी प्लस हे त्या मधल्या वर्गातले. थंड असतानाही बऱ्यापैकी पकडतात आणि नवशिक्याच्या ट्रॅक डेचा ताप सोसतात. तुमच्या वेगाला, तुमच्या टायरना ट्रॅकच्या जोडात यातलाच एखादा पुरेल. पूर्ण रेसिंगचा मसाला घ्यायची गरज नाही, तो तापवायला लागणारा वेग स्टँडर्ड टायरवर तुम्हाला गाठताही येणार नाही. मग हाच पॅड बारा महिने का ठेवू नये? ठेवणारे ठेवतात. पण भुकटी आणि आवाज वाढतो, डिस्क लवकर झिजते, आणि यातले काही पॅड रस्त्यावर वापरण्यासाठी मंजूरच नसतात. विकत घेताना खोक्यावर युरोपच्या आर ९० नियमाची खूण आहे का पाहा. ती असेल तर त्या पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेर असल्याची चाचणी झालेली असते. पाचशे-हजार किलोमीटरच्या प्रवासाला मला ती खूण असलेलाच पॅड हवा.

पॅडच्या कडेला छापलेली अक्षरंही वाचायला शिका. लांबलचक क्रमांकाच्या शेवटी एफएफ, जीएफ, जीजी अशी इंग्रजी जोडी असते. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं गरम असतानाच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर जी आणि दुसरं ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढेपाळतो, असा पॅड घाटासाठीही घेऊ नका. मात्र ही चाचणी ३४५ अंशांच्या आसपासच थांबते. ट्रॅकवर त्यापुढे काय होईल ते या अक्षरांतून कळत नाही, म्हणून जीजी दिसलं की ट्रॅकचा पॅड असं समजून फसू नका. तिथे कंपनीने दिलेली तापमानाची पट्टीच बघायची, आणि माल ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचा. ब्रेकच्या सामानात नकली खोकी इतकी हुबेहूब येतात की मुरलेला दुकानदारही चकतो.

सिरॅमिकबद्दल तुमच्या मित्राचा घोटाळा होतोय. सुपरकारना असतात त्या कार्बन-सिरॅमिक डिस्क, ती संपूर्ण वेगळी चीज. दुकानात मिळणारे सिरॅमिक पॅड म्हणजे रस्त्यासाठी बनवलेला शांत, कमी भुकटीचा मसाला. रोजच्या जोडात ते जरूर घ्या, ट्रॅकला त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

भोकांच्या डिस्कवर तर पैसे घालवूच नका. भोकं पाडली की डिस्कचं वजन कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायला लोखंडही कमी उरतं. वर भोकाच्या कडेपासून तडे जायला सुरुवात होते. तुमच्या साध्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्कच चांगल्या, फक्त जाडी पुरेशी हवी. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, व्हर्नियरने मोजून घ्या.

दोन जोडांत एक अडचण आहे, ती लपवत नाही. पॅड चांगला बसतो तेव्हा त्याच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर चढतो, आणि पकड बरीचशी त्या थरावर अवलंबून असते. एका मसाल्याच्या थरावर दुसरा पॅड घातला की काही किलोमीटर पकड विचित्र लागते. पुढे मागे तुम्हाला झेपलं तर ट्रॅकच्या पॅडसाठी डिस्कचा वेगळा जोडच ठेवा. तोवर दर बदलाला डिस्क पॉलिश पेपरने हलकी घासून ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड नव्याने बसवा. बसवणं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २०-२५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावायचे, मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेकला हात न लावता गाडी फिरवून निववायची. कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापतो तेव्हा राळेचा वायू सुटून पकड अचानक जाते. हे तुमच्या निवडलेल्या जागी झालेलं बरं, सरळ पट्ट्याच्या शेवटी नको.

अर्ध्याहून जास्त झिजलेले पॅड घेऊन कधीच ट्रॅकवर उतरू नका, मसाला कितीही चांगला असो. पॅडची जाडी हाच डिस्क आणि ऑइलमधला आडोसा असतो. तो पातळ झाला की सगळा ताप पिस्टनमधून थेट ऑइलला भिडतो. फेब्रुवारीत तुमचे पॅड किती उरले होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जुनं ऑइल आणि पातळ पॅड दोन्ही एकत्र आले असावेत असा माझा अंदाज आहे.

ट्रॅकवर चालवतानाही ब्रेक वाचवता येतात. नवीन माणूस भीतीपोटी लांबून, हलका आणि बराच वेळ ब्रेक लावतो. त्याने डिस्क सतत तापत राहते. थोडं उशिरा, घट्ट आणि थोडा वेळ दाबून सोडा. चार-पाच लॅप झाले की एक लॅप ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश काढा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभं राहू नका आणि हँडब्रेक ओढू नका. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, गिअर 'पी'वर टाका, चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी दाबून ठेवला तर मसाल्याचा ठसा उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक डिस्क वाकली म्हणून बदलतात, खरं तर बऱ्याचदा ती वाकलेली नसते.

करूळ घाटाचा ताप ट्रॅकपेक्षा वेगळा. ट्रॅकवर झटके बसतात, घाटात कमी तापमान पण सलग अर्धा तास. रोजचे चांगले पॅड आणि ताजं ऑइल घाटाला पुरून उरतं, अट एकच, गिअर मॅन्युअल मोडवर घ्या आणि ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. घर्षणाचा मसाला मुळात उतारासाठीच जन्मला. १८९७ साली इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी उतारावर गाड्या रोखायला नीट ठोकळे बनवायला घेतले, आणि त्यातून फेरोडो उभी राहिली. पावसात गगनबावड्याच्या पुढे धुकं असतं तेव्हा डिस्क ओल्या असतात, तिथेही थंडीत पकडणारा रस्त्याचा पॅडच कामाला येतो. ट्रॅकचे पॅड घालून तो घाट उतरू नका.

विम्याचंही एकदा बघा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत रेस आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर काही झालं तर दुरुस्ती आपल्या खिशातून, हे धरूनच जा.

कोल्हापूरहून कोईम्बतूर हजार किलोमीटरच्या आसपास. ट्रॅक डेच्या दुपारी थकवा असतो, निघायची घाई असते, आणि तेव्हाच पॅड बदलायचा कंटाळा येतो. त्या दिवशी शेवटचं सत्र सोडा, पण हे काम सोडू नका. गाडी पूर्ण निवल्यावर चाक काढा. पॅडच्या कडा फुटल्यात का, रंग राखेसारखा पांढुरका झालाय का, पिस्टनभोवतीचं रबर करपलंय का, कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकतात का ते पाहा. पिन अडकली असेल तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेला दिसेल. पुढच्या पत्रात चारही पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, आतला-बाहेरचा, डावा-उजवा वेगवेगळा. त्यावरून तुमचा ट्रॅकचा जोड बरोबर आहे की आणखी गरम सोसणारा लागेल, ते मी सांगू शकेन.